एक माउथपीस, तीन ट्रंबोन

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी इंदुरात रामबागेत राहतो, बँकेत नोकरी करतो आणि आमच्या हौशी ब्रास पथकात बास ट्रंबोन, म्हणजे सरकत्या नळीचे, खर्ज सुरांचे पितळी वाद्य, वाजवतो. गणेशोत्सव, अनंत चतुर्दशी आणि नाताळ हे आमचे मुख्य कार्यक्रम. माझ्याकडे तीन वाद्ये आहेत. पहिले आजोबांचे; ते महूच्या छावणीतील बँडमध्ये होते. हे वाद्य विलायती बनावटीचे, जी स्वराचे असून त्याच्या स्लाइडला (सरकत्या नळीला) हलणारी मूठ आहे. दुसरे एका ट्रिगरचे (म्हणजे अंगठ्याने दाबून जास्तीची नळी जोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या कळीचे), जुन्या बाजारात ‘बास’ म्हणून मिळालेले; त्याच्या कर्ण्याचा व्यास मोजला तो साडेआठ इंच भरला. तिसरे नवे, दोन ट्रिगरचे, साडेनऊ इंची कर्ण्याचे. ‘माउथपीस जितका मोठा तितका बास चांगला’ असे एका जाणत्या मित्राने सांगितल्यावरून मी शिल्की कंपनीचा ६० मापाचा माउथपीस (ओठांना लावून फुंकायचा सुटा भाग) मागवला. तिसऱ्या वाद्यावर त्याने खालचे सूर सुंदर लागतात, पण अर्ध्या तासात ओठ थकतात. दुसऱ्यावर आवाज पोकळ येतो आणि वरचे सूर उतरतात. आजोबांच्या वाद्यात तर त्याची दांडी, म्हणजे वाद्यात खोचायचा भाग, शिरतच नाही. ती लेथवर थोडी उतरवून घ्यावी काय? आजोबांच्या पेटीत एक जुना माउथपीस आहे, पण तो फारच लहान दिसतो आणि त्याचा मुलामा उडालेला आहे. तिन्ही वाद्यांना चालेल असे एकच माप कोणते, की तीन माउथपीस घ्यावे लागतील?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील एका प्रश्नाचे उत्तर बाकी सगळ्यांच्या आधी द्यायला हवे, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान भरून निघणारे नाही. शिल्की ६० ची दांडी कृपा करून लेथवर उतरवू नका. ट्रंबोनच्या माउथपीसच्या दांड्या मुख्यतः लहान आणि मोठी अशा दोन मापांत येतात, आणि त्यांच्या टोकांच्या व्यासात जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक असल्यामुळे ‘थोडी घासली की झाले’ असे कोणालाही वाटणे साहजिक आहे. परंतु दांडी आतून पोकळ असते, ती पोकळी कपाकडून (ओठांखालच्या वाटीकडून) टोकाकडे रुंदावत जाते, आणि त्यामुळे टोकाशी पितळेची भिंत मुळातच पातळ असते. बाहेरून तेवढा व्यास काढला की टोकाला पत्र्याइतकी जाडी उरते आणि पहिल्याच आपटीत ती वाकते. शिवाय इतके करूनही आतली पोकळी मोठ्या वाद्याच्याच मापाची राहते, म्हणजे माउथपीस हातचा जातो आणि आजोबांच्या वाद्याला त्याचा उपयोगही होत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. माउथपीसचा अर्धा भाग वाजवणाऱ्याचा असतो आणि अर्धा वाद्याचा. ओठांना टेकते ती कड, तिची रुंदी, तिच्या आतल्या धारेचा गोलावा आणि तिचा व्यास हे सारे मुख्यतः आपल्या ओठांनी आणि आपल्याला कोणत्या पट्टीत अधिक वाजवायचे आहे त्यावरून ठरवायचे. कडेच्या खाली जे जे आहे, म्हणजे कपाची खोली, कपाच्या तळाचे भोक, त्यापुढची रुंदावणारी पोकळी आणि दांडीचे माप, ते वाद्याच्या नळीने ठरवायचे. आपल्या मित्राने या दोन्हींना एकच मानले आणि व्यास वाढवला की सगळे आपोआप मिळेल असे गृहीत धरले, तिथे त्यांचा हिशेब चुकला. त्यांचे म्हणणे निराधार मात्र नाही. गेल्या काही दशकांत बास ट्रंबोन वाजवणारे व्यावसायिक खरोखरच मोठ्या मापांकडे सरकले आहेत, कारण त्यांना अगदी खालचे सूर मोठ्या आवाजात, वारंवार आणि खात्रीने काढायचे असतात. पण ती मंडळी रोज कित्येक तास वाद्याला बसतात, आणि आपण बँकेतून परत आल्यावर. ओठांच्या स्नायूंना हा फरक नेमका कळतो.

आकड्यांचा एक घोळही इथेच मिटवतो, कारण निम्म्या चुकीच्या खरेद्या त्याच्यामुळे होतात. बाख आणि डेनिस विक या कंपन्यांच्या पद्धतीत आकडा लहान तितका माउथपीस मोठा, तर शिल्की आणि यामाहा यांच्या पद्धतीत आकडा मोठा तितका माउथपीस मोठा. म्हणून बाखचा १ जी आणि शिल्कीचा ६० हे आकड्यांनी दोन टोकांना दिसत असले तरी प्रत्यक्षात एकाच अंगाचे, म्हणजे सर्वांत मोठ्या मापांपैकी आहेत. बाखच्या सूचीत १ जी चा आतला व्यास २८ मिलिमीटर, १¼ जी चा २७.५, १½ जी चा २७, ३ जी चा २६.२५ आणि ५ जी चा २५.५ मिलिमीटर दिला आहे. (दुकानात ‘फाइव्ह जी आहे का’ असे विचारल्यास मोबाइलच्या काउंटरकडे बोट दाखवले जाईल, याची तयारी ठेवावी.) २८ आणि २७ यांत एकाच मिलिमीटरचा फरक असला तरी ओठाचा हलणारा भाग क्षेत्रफळाने साडेसात टक्क्यांनी वाढतो, आणि २५.५ वरून २८ वर गेल्यास वीस टक्क्यांनी. मात्र एका कंपनीचे मिलिमीटर दुसऱ्या कंपनीच्या मिलिमीटरशी थेट ताडून पाहू नयेत, कारण कपात किती खोलीवर व्यास मोजायचा याबाबत कारखान्यांचे एकमत नाही. बाजारात नामांकित कंपन्यांचे आकडे कोरलेले बिनकंपनीचे माउथपीसही भरपूर मिळतात. त्यांच्या बाबतीत कोरलेल्या आकड्यापेक्षा हातातल्या व्हर्नियर कॅलिपरवर (बारीक मापे मोजायच्या हत्यारावर) विश्वास ठेवावा. सियागंजात हत्यारांच्या दुकानी तो सहज मिळतो आणि पुढे दुसऱ्या वाद्यासाठीही लागणारच आहे.

त्या दुसऱ्या वाद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या अडचणीचा मोठा भाग तिथे आहे. साडेआठ इंची कर्णा आणि एक ट्रिगर, एवढ्यावरून मला ते वाद्य बास ट्रंबोन वाटत नाही. ते रुंद नळीचे टेनर, म्हणजे बासपेक्षा वरच्या सुरांचे, ट्रंबोन असावे. एफ स्वराचा ट्रिगर असला की वाद्याला ‘बास’ म्हणून विकायची रीत जुन्या बाजारात फार आहे. वास्तविक लाइपझिगच्या क्रिस्टियान फ्रीड्रिख झाटलर याने १८३९ साली एफचा व्हॉल्व्ह टेनर ट्रंबोनला जोडला, तेव्हापासून टेनर आणि बास दोघांनाही तो लागत आला आहे, आणि त्याच्या असण्यावरून वाद्याची जात ठरत नाही. खात्री करायची असेल तर बाहेरची स्लाइड पूर्ण काढून आतल्या नळीच्या तोंडाचा आतला व्यास कॅलिपरने मोजा. तो १३.९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ०.५४७ इंच, भरला तर वाद्य टेनर, १४.३ च्या आसपास, म्हणजे ०.५६२ इंच, भरला तर बास. या दोन्ही प्रकारांत मोठी दांडीच बसते, आणि घोटाळ्याचे मूळ तेच आहे. शिल्की ६० त्यात व्यवस्थित बसला म्हणून तो त्याचाच, असे आपल्याला वाटले. पण दांडी बसणे आणि माउथपीस जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वरचे सूर उतरण्याचे कारण असे की, खालच्या सुरांना माउथपीसचा कप म्हणजे तेवढीच हवा मावणारा नळीचा आणखी एक तुकडा वाटतो, पण सूर जसजसे वर जातात तसतसा तो कप आपल्या मापापेक्षा अधिक लांबीच्या नळीसारखा वागू लागतो. नळीच्या मानाने कपात हवा जास्त मावत असेल, तर ही वाढीव लांबी वरच्या सुरांना खालच्यांपेक्षा अधिक खाली ओढते. म्हणून ट्यूनिंग स्लाइड (वाद्याची पट्टी जुळवण्याची छोटी सरकती नळी) आत ढकलून वरचा सूर जुळवला की खालचा चढतो, आणि खालचा जुळवला की वरचा उतरतो. आपण पत्रात लिहिलेली तक्रार नेमकी हीच आहे. आवाज पोकळ होण्याचे कारणही जवळचेच आहे. मोठा कप आणि रुंद भोक यांमुळे वरचे आंशिक स्वर, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले वरचे सूक्ष्म सूर, क्षीण होतात, आणि टेनरच्या आवाजाला जी धार लागते ती त्या आंशिक स्वरांतूनच येते.

हे घरी तपासून पाहता येते, आणि त्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप काळी पाचला लावा, म्हणजे बी-फ्लॅटचा षड्ज मिळेल. स्लाइड पूर्ण आत ठेवून खालचा सा, मधला सा आणि वरचा सा हे तिन्ही सावकाश, मध्यम आवाजात धरा, आणि ओठांनी सूर ओढून जुळवण्याचा मोह टाळा. ॲपकडे न पाहता मधला सा आधी जुळवावा आणि मग वरचा तपासावा. वरचा सा निघत नसेल तर मधल्या सप्तकातला पंचम धरा. चांगल्या ट्रंबोनवर तो तानपुऱ्याच्या पंचमाबरोबर किंवा किंचित चढाच असतो. मधला सा बरोबर असून पंचम किंवा वरचा सा स्पष्टपणे उतरत असेल, तर कप वाद्याला मोठा होतो आहे असे समजावे. स्लाइड आत असताना लागणाऱ्या कोमल निषादावरून मात्र माउथपीसला दोष देऊ नये, कारण तो सगळ्याच ट्रंबोनवर निसर्गतः बराच उतरलेला असतो. आणखी एक पथ्य पाळावे: दोन माउथपीसची तुलना एकाच बैठकीत, वाद्य फुंकून कोमट झाल्यावर करावी. हवेच्या तापमानात दहा अंशांचा फरक पडला तर सूर अर्धस्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने सरकतो, आणि इंदुरात जानेवारीची सकाळ नि दुपार यांत एवढे अंतर सहज असते.

या दुसऱ्या वाद्याला मी ५ जी च्या अंगाचा, मोठ्या दांडीचा माउथपीस सुचवतो. पथकात खरा बास वाजवणारा त्या दिवशी नसल्यामुळे त्याच वाद्यावर खालचा भाग ओढावा लागत असेल, तर फार तर ३ जी पर्यंत जावे. त्यापुढे गेल्याने टेनरचा बास होत नाही, फक्त टेनर बिघडतो.

तिसरे, दोन ट्रिगरचे वाद्य खरा बास आहे आणि शिल्की ६० त्याला चुकीचा नाही. तो आपल्याला आज जड पडतो आहे, इतकेच. १½ जी हे बास ट्रंबोनचे कित्येक दशके रुळलेले माप आहे, आणि शिल्की किंवा यामाहाच्या पद्धतीत ५८ चे माप त्याच्या शेजारचे. यामाहाचा घेतल्यास ५८ च्या पुढे मोठ्या दांडीचे ‘एल’ अक्षर आहे ना, ते पाहून घ्यावे. माझा सल्ला १½ जी च्या अंगाचा माउथपीस घेण्याचा आहे. त्यावर सहा-आठ महिने घालवल्यानंतर खालचे सूर दाबल्यासारखे वाटले आणि ओठ शेवटपर्यंत ताजे राहिले, तर १¼ जी चा विचार करावा. शिल्की ६० विकू नका. ज्या कार्यक्रमात तासाभराची बैठक आणि सगळा भाग खालीच असेल, त्या दिवशी तो कामी येईल. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (सजवलेल्या देखाव्यांची) मिरवणूक हे मात्र त्याचे स्थान नाही. रात्रभर चालत, खांद्यावर वाद्याचा भार, चहूकडे ढोल आणि दुसरी पथके अशा वेळी मोठ्या कपातून निघालेला रुंद आवाज चार पावलांवर विरतो, आणि वाजवणारा तो वाढवण्यासाठी जोर लावून मध्यरात्रीच्या आत थकतो. किंचित लहान, आवाजाला गाभा देणारा माउथपीस तिथे दूरवर ऐकू जातो.

खरेदीच्या वेळी दुकानात प्रत्येक जण एकच गोष्ट करतो, ती म्हणजे सगळ्यांत खालचा सूर फुंकतो. तो दणदणीत लागला की पैसे मोजतो. मोठा माउथपीस ही परीक्षा नेहमीच जिंकतो, कारण परीक्षाच त्याच्या सोयीची आहे. त्याऐवजी एफच्या ट्रिगरने खालचा सी अगदी हळू, कुजबुजल्यासारखा सुरू करून पाहा. हवा आधी आणि सूर मागून आला, तर कप किंवा भोक आपल्याला मोठे आहे. मग मधल्या सप्तकातली पथकातलीच एखादी संथ चाल वीस मिनिटे न थांबता वाजवा, आणि त्यानंतर पुन्हा तोच खालचा सी लावा. या दुसऱ्या प्रयत्नावर निर्णय घ्यावा, पहिल्यावर नाही. शक्य असल्यास सोबत कान देणारा एक माणूस असावा, कारण कर्णा आपल्या कानांपासून दूर वाजत असतो. पचमढीच्या लष्करी संगीत विभागात शिकून निवृत्त झालेले बँडवाले महू-इंदूरच्या परिसरात अधूनमधून भेटतात. त्यांच्यातला एखादा बास किंवा युफोनियमवाला मिळाला तर त्याला चहाला बोलावून समोर बसवावे.

राहिले आजोबांचे वाद्य, आणि त्यासाठी आपल्याला काहीच विकत घ्यायचे नाही. पेटीतला जो माउथपीस आपण ‘फारच लहान’ म्हणून बाजूला ठेवला, तोच त्याचा माउथपीस असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. जी स्वराचा इंग्रजी बास ट्रंबोन आणि आजचा बास ट्रंबोन यांत नावाखेरीज फारसे साम्य नाही. त्याची नळी लांब, सुमारे सव्वातीन मीटर, म्हणून तर स्लाइडच्या सर्वांत लांबच्या, सातव्या स्थानापर्यंत हात पोहोचावा यासाठी त्याच्या स्लाइडला ती मूठ लावलेली असते. पण जाडीने ती नळी साडेबारा मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आजच्या रुंद टेनरपेक्षाही अरुंद असते. ब्रिटिश लष्करी बँड आणि ब्रास बँड यांनी हे वाद्य विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपले, आणि त्याचा आवाज गोल किंवा मऊ नसून करकरीत, धारदार असतो. त्याला २७-२८ मिलिमीटरचा कप लावणे म्हणजे त्याचा स्वभावच मारणे. जुना माउथपीस लहान दांडीचा असणार. तो वाद्यात हलक्या हाताने घालून फिरवा. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊन न डुगडुगता बसला तर जोडी जमली असे समजा. तो कोणत्याही कारणाने निरुपयोगी निघाला, तरच लहान दांडीचा ५ जी किंवा ६½ एएल घ्यावा. ही दोन्ही मापे लहान दांडीतही मिळतात. लहान दांडीचा माउथपीस मोठ्या तोंडाच्या वाद्यात बसवणारी पितळी अडॅप्टरची नळी स्वस्त असते, तिच्या साहाय्याने हाच जुना माउथपीस दुसऱ्या वाद्यावरही लावून पाहावा. नवा ५ जी घेण्याआधी लहान कपाने त्या वाद्याचे वरचे सूर सुधारतात की नाही, हे थोडक्या खर्चात कळेल. उलट दिशेने, म्हणजे मोठी दांडी लहान तोंडात बसवण्यासाठी, अशी साधी नळी चालत नाही.

मुलामा उडालेली कड ओठांना लावू नका. उघडे पितळ घामाने हिरवे पडते आणि काहींच्या ओठांना त्याने खाज सुटते. सराफ्यात चांदीचा मुलामा देणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे काम द्यावे, पण देताना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. मुलाम्याआधी बफ मारताना कडेच्या आतल्या धारेला हात लावायचा नाही, कारण ती धार गोल झाली की सुराची सुरुवात बोथट होते आणि मग ती धार काही केल्या परत येत नाही. दुसरे म्हणजे दांडीच्या बाहेरच्या बाजूला जाड थर चढवायचा नाही, नाहीतर इतक्या वर्षांची बैठक बिघडेल.

या वाद्यावर सूर तपासताना तानपुरा पांढरी पाचला लावावा लागेल, आणि तेव्हा वाद्य सरसकट चढे निघाले तर घाबरून पुन्हा मोठा माउथपीस शोधू नका. जुनी इंग्रजी वाद्ये पुष्कळदा चढ्या पट्टीची, म्हणजे सेकंदाला आजच्या ४४० कंपनांऐवजी ४५२ च्या आसपासच्या ‘ए’वर बेतलेली असतात; इंग्लंडच्या ब्रास बँडांनी तर ती पट्टी १९६० च्या दशकापर्यंत सोडली नव्हती. हा फरक जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराचा आहे आणि तो माउथपीसने भरून निघत नाही. ट्यूनिंग स्लाइड सुमारे साडेचार सेंटिमीटर बाहेर ओढल्यास वाद्य आजच्या पट्टीत येईल. तिचे पाय तेवढे लांब नसतील, तर त्याच व्यासाच्या नळीचे दोन तुकडे जोडून ते वाढवून घ्यावेत. हे काम पितळी वाद्ये दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावे, आणि मूळचे तुकडे कापू न देता काढून पेटीत ठेवायला सांगावे.